चार गड्यांची बोली

लग्न होईपर्यंत माझी पक्की समजूत होती की ते चौघे मुके आहेत. म्हणजे मुक्या सिनेमातले. काळापांढरा परदेशी विनोदी सिनेमा, त्यात चार माणसं एकमेकांना शिडीनं हाणतात, बादलीत पाय घालतात, एकाच दारातून चौघं एकदम शिरायला जातात आणि अडकून बसतात, आणि हे सगळं बिनआवाजाचं. त्या सिनेमांची मोठी मालिकाच होती. तिचं खरं नाव आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. आम्ही म्हणायचो 'चार गडी': थोरला, जाड्या, टकल्या आणि बुटका धाकला. लागले का चार गडी? लागले. मग आई हातातलं सूत खाली ठेवायची, आप्पा मागावरून मान वळवायचे आणि मी खिडकीखालच्या पत्र्याच्या पेटीवर चढून बसायची.

आता हे वाचून मला कुणी वेड्यात काढू नये म्हणून आमचं घर कसं होतं ते सांगते. सोलापुरात एक लांबलचक पत्र्याची शेड, तिच्यात चादरी आणि टॉवेल विणणारे यंत्रमाग, आणि शेडच्या पाठीला चिकटून कामगारांच्या खोल्या. त्यातली एक आमची. आप्पा, म्हणजे माझे वडील, सांगोल्याकडचे. एका कोरड्या वर्षी मेंढरं धाकट्या भावाच्या गळ्यात घालून ते शहरात आले ते मागावरच उभे राहिले. आई त्याच शेडमध्ये कांड्या भरायची, म्हणजे मागावर तान्याच्या उभ्या धाग्यांतून इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात बसवायच्या लहान नळ्यांवर सूत गुंडाळायची. खोली आणि शेड यांच्यामध्ये एक भिंत आणि भिंतीत एक खिडकी होती. टीव्ही आला तेव्हा आप्पांनी तो असा ठेवला की मागापाशी उभं राहून खिडकीतून त्यांना सरळ दिसावा. आम्हाला तो तिरका दिसायचा. मी कुरकुर केली तेव्हा म्हणाले, "तुला दिसभर रिकामंच हाय की. मला मान वळवायला येळ किती मिळतो?"

माग चालू असले की त्या खोलीत स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू यायचा नाही. शेजारच्या गल्लीतही मागच, त्यामुळे शांतता म्हणजे काय हे आम्हाला फक्त शाळेत कळायचं. कारखान्याच्या सुट्टीच्या वारी त्या लाईनीची लाईटच बंद असायची. म्हणजे त्या दिवशी मागांबरोबर टीव्हीही थांबायचा. गाण्यांचा कार्यक्रम असला की मी टीव्हीला कान चिकटवून बसायची. पण चार गड्यांना कान लावायचं कधी सुचलंच नाही, कारण शेजारच्या खोलीतल्या एका शहाण्यानं सांगून ठेवलं होतं की असल्या जुन्या सिनेमात आवाज नसतो. एवढ्या ठामपणे सांगितलं की आम्ही सगळ्यांनी मान डोलावली.

आणि खरं सांगायचं तर आवाजाची गरजच नव्हती. मागावरची माणसं तोंडानं बोलतच नाहीत. समोरच्याचे ओठ वाचतात आणि हातांनी बोलतात. मिशीला पीळ दिला की मालक आले. तळहात ओठांना लावला की चहा. दोन बोटं झटकन उघडली की धागा तुटला. मागावरून थोडा वेळ बाजूला जायचं असलं की शेजारच्याला सांगायची खूण वेगळी होती. बोट डोळ्याला, मग अंगठा मागाकडे, मग तळवा खाली-वर. बघ जरा, आलोच. समोरच्यानं छातीवर तळवा ठेवला की तुमचा माग त्याच्या जिम्म्याला. हे उत्तर मिळाल्याशिवाय जागा सोडायची नाही, हा नियम होता आणि तो मालकानं घातलेला नव्हता. पाळी संपवून घरी जाणारा माणूस मात्र ही खूण करायचा नाही. तो नुसते दोन्ही हात झटकायचा आणि निघायचा. मी ही बोली आईच्या मांडीवर शिकले. मराठी त्यानंतर आली.

त्यामुळे ते चौघे आम्हाला परके वाटले नाहीत. त्यांचेही हात सारखे चालू असायचे. प्रत्येक सिनेमात चौघांना नवं काम मिळायचं. एकदा रंगारी, एकदा बेकरीत, एकदा नळ दुरुस्त करणारे. कामावर आल्याबरोबर ते टोप्या नीट करायचे, बाह्या वर सरकवायचे, अगदी मन लावून कामाला लागायचे आणि थोड्याच वेळात अख्खं घर डोक्यावर पाडायचे. मालक काठी घेऊन मागे, हे चौघे पुढे. आणि पुढच्या सिनेमात पुन्हा त्याच टोप्या, पण नवं काम. आप्पांना हे फार आवडायचं. आमच्या शेडमध्ये चादरीच्या फुलात एक चूक राहिली तर मालक चारचौघांत चादर फडकावून दाखवायचे. इथं चौघं माणसं रोज सगळं उद्ध्वस्त करतात आणि तरी त्यांना कुणीतरी कामावर ठेवतंच. "ह्यांचा पत्ता कुटं मिळंल का?" आप्पा म्हणायचे, "आपुन बी तितंच जाऊ कामाला."

मालकसुद्धा खिडकीत येऊन उभे राहायचे. ते घरी तेलुगू बोलणारे, मागांची दुरुस्ती करणारा जॉबर दख्खनी बोलणारा, आप्पा सांगोल्याचे. तिघंही एकाच ठिकाणी हसायचे. मालक हसता हसता एकदम गंभीर व्हायचे आणि मिशीला हात लावायचे. म्हणजे मीच आलोय, कामाला लागा.

आप्पांना त्या पडापडीतलं कसब दिसायचं. शिडी घेऊन थोरला वळतो, त्याच क्षणी धाकला वाकतो, शिडी त्याच्या डोक्यावरून जाते आणि मागून येणाऱ्या टकल्याला बसते. बघणाऱ्याला वाटतं, योगायोग. आप्पा म्हणायचे, "धोटा चुकला तर ताना तुटतो. ह्यांचा धोटा कदी चुकल्याला बघितलाय का?" एकदा ते अचानक म्हणाले की जाड्या बदललाय. तोंड सारखंच, टोपी तीच, पोटही तेवढंच. आई म्हणाली, काहीतरीच. आप्पा म्हणाले, "पाय बग की. पयला जाड्या पडायच्या आदी डावा पाय उचलायचा. ह्यो उजवा उचलतोय." पुढे कित्येक वर्षांनी मला कळलं की जाड्या खरोखरच बदललेला होता.

पण खरी मजा रात्री जेवताना असायची. माग थांबलेले, कानात अजून खडखड चालू, ताटात भाकरी आणि शेंगाची चटणी, आणि आप्पा दुपारचा सिनेमा पुन्हा सांगायचे. आवाजांसकट. चौघांचे ओठ बघून त्यांनी ठरवलेलं असायचं की कोण काय बोललं. थोरला भारदस्त आवाजात खेकसायचा, "आरं, तुला कुनी सांगितलं हितं शिडी लावाय?" जाड्या रडवेला, "मी न्हाय, बादलीच आडवी आली." टकल्या फार कमी बोलायचा, पण बोलला की आईला ठसका लागायचा. माझ्या लेखी ते चौघे सांगोल्याकडचेच होते. बाजारच्या दिवशी कुठंतरी भेटतील असे.

मग माझं लग्न झालं आणि मी शहराच्या नव्या भागात, जुळे सोलापुरात, फ्लॅटमध्ये आले. तिथं इतकी शांतता की पहिले काही दिवस मला झोप लागेना. एका रविवारी टीव्ही लावला तर चार गडी. मी हातातलं काम टाकून बसले, आणि ते चौघे बोलायला लागले. इंग्रजीत! भराभर! थोरल्याचा आवाज चिरका, बारीक. जाड्या घोगरा. थोबाडीत बसली की फटाका, डोक्यावर बादली पडली की घंटा, आणि मागून सतत बाजा. मला इतका राग आला की काही विचारू नका. कुणीतरी आमच्या घरातली माणसं पळवून नेऊन त्यांच्या तोंडात भलतंच काहीतरी कोंबलंय असं वाटलं. "अहो, हे बोलतात!" मी नवऱ्याला म्हटलं. तो विमा कंपनीत नोकरीला, शांत माणूस. म्हणाला, "बोलणारच की. माणसं आहेत." मी ही गोष्ट आप्पांना सांगितली नाही. सांगवेना.

अलीकडे मोबाईलवर त्या मालिकेविषयी वाचत बसायचा मला नाद लागलाय. तिचा जन्म कसा झाला त्याची गोष्ट तर मी दोनदा वाचली. ते चौघे मुळात नट नव्हतेच. गावोगाव फिरणाऱ्या एका नाटक मंडळीत पडदे ओढणारे, भिंती उभ्या करणारे गडी होते. मंडळी एका कापडगिरण्यांच्या गावात गेली. समोर सगळे गिरणीचे कामगार. नायक मोठमोठी भाषणं करतोय आणि लोक मख्ख, कारण निम्म्यांचे कान मागांनी खाल्लेले. तेवढ्यात रंगवलेली भिंत कलंडली. हे चौघे ती सावरायला धावले, एकाचा पाय बादलीत गेला, दुसरा त्याच्यावर पडला, आणि ते सगळं थिएटर त्या संध्याकाळी पहिल्यांदा हसलं. मंडळीच्या मालकानं दुसऱ्या दिवसापासून भिंत रोज पाडायला सांगितली. शब्दांचा उपयोग नाही हे त्या चौघांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. पुढे सिनेमात गेले, सिनेमा बोलू लागला तसे तेही बोलू लागले, तरी त्यांनी आपली पडापडीची रीत सोडली नाही. मोठ्या सिनेमाच्या आधी दाखवायचे म्हणून ते छोटे तुकडे काढलेले. ते मोठे सिनेमे आज कुणाला आठवत नाहीत. एकेक गडी थकला, गेला, की त्याची टोपी दुसऱ्याच्या डोक्यावर चढवायचे आणि खेळ पुढे चालू. खरं-खोटं लिहिणाराच जाणे, पण माझा त्यावर पूर्ण विश्वास बसला. कापडगिरणीतल्या बहिऱ्या माणसांसाठी जन्मलेला विनोद इतका लांबचा प्रवास करून आमच्या खिडकीत आला होता.

हे आप्पांना सांगावं असं फार वाटत होतं. पण सांगणार कसं?

आई गेल्यावर मी आप्पांना माझ्याकडे आणलं. तोपर्यंत त्यांच्या कानांचं पुरतं वाटोळं झालं होतं. आम्ही तिघं एका छताखाली राहत होतो, पण बोलणं म्हणजे, "आप्पा, जेवायला!" एवढंच. तेही ओरडून. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी एकदा विचारलंसुद्धा, घरात सगळं ठीक आहे ना म्हणून. कानाचं मशीन आणलं. ते आप्पांनी दोन-चारदा लावलं आणि टीव्हीच्या कपाटावर ठेवून दिलं. "कानात मिक्सर फिरतोय," म्हणाले. नवरा रोज संध्याकाळी त्यांच्या शेजारी बसायचा, हसायचा, ते हसायचे आणि मग दोघंही पंख्याकडे बघत बसायचे. मी मागावरची बोली वापरायला हवी होती, हे आता कळतं. पण फ्लॅटच्या त्या शांततेत हात कधी वर उचललेच गेले नाहीत.

एक दिवस आप्पांनी जाहीर केलं की ते सांगोल्याला जाणार. कायमचे. धाकट्या भावाला निरोपही गेला होता. तो रविवारी सकाळी न्यायला येणार होता.

"का? इथं काय कमी आहे?" मी ओरडले.

"कमी काय न्हाय. लेकीच्या दारात कितीक दिस बसायचं? आन हितं मला बोलतंय कोन? तितं मेंढरं तरी वरडत्यात, ऐकू न्हाय आलं तरी त्यांची तोंडं दिसत्यात."

मला वाईट वाटलं आणि रागही आला. माझ्या बाबतीत हे दोन्ही पाव्हणे बरोबरच येतात. शनिवारी दुपारी मी मनाशी ठरवलं की आप्पांना आज चार गड्यांचा आवाज ऐकवायचा. एकदा का त्यांना ऐकू येतंय याची गोडी लागली की मशीन लावतील, मग बोलणं होईल, मग कशाला जातील? मोठ्या टीव्हीवर रंगाऱ्यांचा सिनेमा लावला, मशीन त्यांच्या कानात बसवलं आणि मी शेजारी जाऊन बसले. चौघे टोप्या नीट करत आले. आप्पा पुढे झुकले. चेहऱ्यावर ते जुनं हसू यायला लागलं होतं.

थोरल्यानं तोंड उघडलं आणि आप्पांचं हसू विझलं.

"ह्यो कोन चिरकतोय?"

"थोरलाच आहे, आप्पा."

त्यांनी थोडा वेळ ऐकलं. बादलीची घंटा वाजली तसे दचकले. मग मशीन काढून माझ्या हातात दिलं. "बंद कर, पोरी. ही आपली मानसं न्हाईत." आणि भिंतीकडे तोंड करून बसले. कोपऱ्यात त्यांची बॅग भरून ठेवलेली होती. मला वाटलं, संपलं. मीच त्यांच्याजवळ उरलेली एक चांगली गोष्ट मोडली.

मी रिमोटवर टीव्हीचा आवाज पार बंद केला. पडद्यावर शिडी फिरत होती. मी उठून आप्पांच्या समोर जाऊन उभी राहिले आणि माझा हात आपोआप वर गेला. हनुवटी उचलून ओठांपाशी बोटं दोनदा उघडमीट. लहानपणी पेटीवर उभी राहून खिडकीतून मी हेच विचारायची. काय म्हणतोय तो?

आप्पांनी माझ्या बोटांकडे बघितलं. मग हळूच टीव्हीकडे वळले.

"थोरला म्हनतोय," त्यांनी घसा खाकरला, "आरं, रंग भितीला लावायचा आस्तुया, तोंडाला न्हाय!"

तो भारदस्त आवाज! माझ्या थोरल्याचा आवाज! मी खाली फरशीवरच बसले. जाड्या रडवेला झाला, टकल्या एकच वाक्य बोलला, आणि आतल्या खोलीतून नवरा बाहेर आला. त्यानं आप्पांना एका दमात एवढं बोलताना कधी ऐकलंच नव्हतं. आधी दारात उभा राहिला, मग खुर्ची ओढली, मग इतका हसला की चष्मा काढून डोळे पुसू लागला. "मामा, हा बुटका काय म्हणतोय?" त्यानं विचारलं. ओठ नीट हलवून, हातानं दाखवून. आप्पांना कळलं. "पावणं, तो म्हनतोय, मला घरी जाऊ द्या, माजी भाकरी वाळत आसंल."

सिनेमा संपल्यावर मी त्यांना ती जन्माची गोष्ट सांगितली. हातांनी. दोन तळवे एकमेकांसमोरून धोट्यासारखे मागेपुढे, मग कानांवर हात, मग पडणारी भिंत, मग चार बोटं. मध्येच खूण आठवेना की आप्पाच ती करून दाखवायचे आणि मी मान हलवायची. सगळं कळल्यावर त्यांनी टीव्हीकडे बोट केलं.

"म्हंजी तितली मानसं बी आपल्यावानीच?"

"व्हय," मी म्हटलं. लग्नानंतर पहिल्यांदा माझ्या तोंडून व्हय निघालं असेल.

"तरीच. मला वाटायचंच, ह्यांना कुनीतरी मागावरच्यानं शिकिवलंय."

पण बॅग कोपऱ्यात तशीच होती, आणि तिच्याबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही. मीही विचारलं नाही. राहत नाही म्हणाले तर, ही भीती होती.

सकाळी चुलते पिशवीभर डाळिंबं घेऊन आले, चहा प्यायले आणि बॅग उचलली. आप्पांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि निघाले. नवरा लिफ्टपर्यंत गेला. मी गेले नाही. कालची ती दुपार झाल्यावरही माणूस जातोच कसा, याचा मला संताप आला होता. तरी पाय बाल्कनीकडे वळलेच.

खाली फाटकाशी रिक्षा धडधडत उभी होती. चुलते आत बसून हाका मारत होते, मागून कुणीतरी स्कूटरचा हॉर्न वाजवत होतं. आप्पा एक पाय आत टाकून थांबले. मागे वळले, आमचा तिसरा मजला शोधला आणि दोन्ही हात वर उचलले. आता हात झटकणार. पाळी संपली.

त्यांनी एक हात खाली सोडला. दुसऱ्या हाताचं बोट डोळ्याला लावलं. मग अंगठा आमच्या बाल्कनीकडे, घराकडे. मग तळवा खाली-वर.

नवरा माझ्यामागे येऊन उभा राहिला होता. "काय म्हणतायत मामा?"

ती मागावरची खूण होती, थोडा वेळच बाजूला जाणाऱ्याची. डोळे पुसायला दोन्ही हात लागत होते. खाली हॉर्न वाजतच होता, चुलते आप्पांची बाही ओढत होते, आणि आप्पा जागचे हलत नव्हते. वर बघत उभे होते.

मी छातीवर तळवा ठेवला. मग ते रिक्षात बसले.